एका तुरुंगापुढचे दोन जमाव

देवाचं नाव घेऊन सरकारविरुद्ध बंदूक उचलणाऱ्या माणसाला तपासायचं कसं? त्याची तक्रार खरी आहे की खोटी, एवढं पाहून भागत नाही. खोट्या फिर्यादीपेक्षा खऱ्या फिर्यादीतूनच जास्त अनर्थ होताना मी पाहिलेत. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन बाहेर पडलो. जुने वकील अजूनही शिरस्तेदार म्हणूनच हाक मारतात. वडिलांचा खून झालेला पोरगा पेटून उठतो आणि खुन्याच्या चुलतभावाला गाठतो. त्याचं दुःख शंभर टक्के खरं असतं. खोटा असतो तो फक्त त्याने निवडलेला माणूस.

हल्ली मुलीकडे, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ, माझा मुक्काम असतो. निवृत्त माणसाला परदेशात दोनच उद्योग, नातवंडं आणि वाचनालय. दुसऱ्यातून माझ्या हाती जेम्स स्मिथ नावाचा इसम लागला, आणि जावयाच्या मागे लागून मी त्याच्या मुलखात जाऊन आलो. टस्करोरा डोंगराच्या पायथ्याशी कॉनोकोचीग नावाची नदी आहे. तिच्या काठी फोर्ट लाउडन हा लाकडी कोट पुन्हा उभारून ठेवलाय. सज्जनगड, अजिंक्यतारा बघत वाढलेल्याला त्याला किल्ला म्हणायला जीभ रेटत नाही. उभे ओंडके ठोकून केलेलं ते एक आवार आहे. पण 1765 साली इंग्लंडच्या राजाचं सैन्य इथे होतं, आणि त्याच राजाच्या प्रजेने, आसपासच्या शेतकऱ्यांनी, त्याला वेढा घातला होता. चहाच्या पेट्या बॉस्टनच्या बंदरात पडल्या त्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट.

हे शेतकरी बहुतेक प्रेस्बिटेरियन पंथाचे, उत्तर आयर्लंडमधून आलेले स्कॉटिश. फिलाडेल्फियात वजन क्वेकरांचं आणि व्यापाऱ्यांचं. क्वेकर शस्त्र धरत नाहीत. पण त्यांच्या अहिंसेची किंमत डोंगराकडेच्या लोकांना मोजावी लागते, अशी सरहद्दीवर ठाम समजूत होती. 1763 मध्ये मूळ रहिवासी सरदार पाँटियाक याच्या नावाने ओळखलं जाणारं युद्ध पेटलं. 26 जुलै 1764 या दिवशी आजच्या ग्रीनकॅसल गावाजवळच्या शाळेत डेलावेअर जमातीचे योद्धे शिरले आणि त्यांनी मास्तर इनॉक ब्राउन आणि दहा मुलांना मारलं. तिथे 1885 साली उभारलेला दगडी स्तंभ आहे. मी तिथे फार वेळ थांबलो नाही. माझा धाकटा नातू त्याच वयाचा आहे.

या हकिगतीचा पुढचा भाग स्तंभावर नाही, तो जॉन मॅकलॉ नावाच्या मुलाने पुढे लिहून ठेवला. तो तेव्हा डेलावेअरांकडे कैदेत होता. मारेकरी गावी परतले तेव्हा तिथल्या एका वृद्ध सरदाराने त्यांची निर्भर्त्सना केली. लेकरांना मारून आलात, भेकड आहात, असं त्यांना ऐकवलं. म्हणजे त्या शाळेतल्या गुन्ह्याचा पहिला निवाडा त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच म्हाताऱ्याने केला. त्याच जुलैत पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने काय केलं? शत्रू जमातींच्या टाळूंवर बक्षीस लावलं, आणि त्यात बायकांच्या टाळूलाही भाव ठरवला.

आता जेम्स स्मिथकडे येतो. 1755 साली, अठरा वर्षांचा असताना, इंग्रज जनरल ब्रॅडॉकच्या सैन्यासाठी रस्ता तोडायच्या कामावर तो होता, तिथे पकडला गेला. फ्रेंचांच्या ड्युकेन किल्ल्यापाशी योद्ध्यांच्या दोन रांगांतून त्याला मार खात पळवलं. ब्रॅडॉकचा पराभव झाल्यावर पकडलेल्या शिपायांना नदीकाठी जाळताना त्याने पाहिलं. पुढची पाळी आपली, अशी त्याची खात्री झाली होती. झालं उलटंच. ओहायोच्या रानात एका मोहॉक घराण्याने त्याला दत्तक घेतलं. डोक्यावरचे केस उपटले, बायकांनी नदीत ओढून नेऊन खसाखसा धुतलं आणि बाहेर काढून सांगितलं की तुझ्या अंगातलं गोरं रक्त वाहून गेलं, आता तू आमचा. तो लिहितो की त्या दिवसापासून या लोकांनी आपल्यात आणि पोटच्या माणसात कधी फरक केला नाही. चारेक वर्षांनी तो त्यांच्यातून निसटला आणि पुढे घरी आला.

त्या वर्षांतला त्याचा थोरला मानलेला भाऊ म्हणजे टेकॉग्रेटानेगो. संधिवाताने आखडलेला हा म्हातारा मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा धर्मज्ञ वाटतो. एका हिवाळ्यात हे दोघे आणि म्हाताऱ्याचा लहान मुलगा असे तिघेच रानात अडकले. शिकार मिळेना. स्मिथ उपाशीपोटी परतला की म्हातारा हाडांचा पातळ रस्सा त्याच्यापुढे ठेवायचा आणि जो सगळ्यांना पोसतो तो वेळेवर देतो, असं सांगायचा. स्मिथला तो उपदेश पटला नाही. तो सरळ पेनसिल्व्हेनियाच्या दिशेने पळाला. वाटेत त्याने एक रानरेडा मारला, पोटभर खाल्लं आणि मग त्याला म्हातारा आणि पोर आठवलं. मांस घेऊन तो परत फिरला. पुढे वसंतात नदीला पाणी नव्हतं, होडी हलेना. म्हाताऱ्याने गरम दगडांच्या वाफेत बसून प्रार्थना केली आणि जवळची उरलेली तंबाखू अग्नीत टाकली. तंबाखू जळताना बघून स्मिथला हसू फुटलं. म्हाताऱ्याने ते पाहिलं. तू तुझी पुस्तकं वाचत असायचास तेव्हा मी तुला कुणाला त्रास देऊ दिला नाही, आणि माझ्या प्रार्थनेच्या वेळी तू हसतोस? अशा अर्थाचं तो बोलला. हे स्वतःविरुद्धचं बोलणं स्मिथने चाळीसेक वर्षांनी, 1799 साली छापलेल्या आत्मकथेत, काही न लपवता लिहून ठेवलं. साक्षीदार म्हणून त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं.

हाच माणूस 1763 नंतर सरहद्दीवरच्या तरुणांचा नायक झाला. त्याने त्यांना आपल्या दत्तक घराण्याची लढाई शिकवली आणि त्यांचाच पेहराव दिला. तांबडे-काळे रंग फासून ही टोळी रानात फिरायची. लोक त्यांना ब्लॅक बॉईज म्हणू लागले.

1765 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या बेनटन, व्हार्टन आणि मॉर्गन या पेढीचा घोड्यांचा तांडा पश्चिमेकडे निघाला. तह पुरा झालेला नव्हता आणि व्यापाराला बंदी होती. सोबत राजाचा अधिकारी जॉर्ज क्रोगन याच्यासाठी भेटवस्तू होत्या, हे खरं. इलिनॉयकडे जाऊन जमातींशी समेट करायचं काम त्याच्याकडे होतं आणि भेटीशिवाय समेट होत नसे. पण सरकारी भेटीच्या आडोशाने पेढीचा खाजगी माल चालला होता, आणि क्रोगनची त्यात आतून भागीदारी होती. सरकारी गाडीतून खाजगी पोती हलवणं कुठल्याही देशात होतं, त्यासाठी पेनसिल्व्हेनियाला जायची गरज नाही. मालात ब्लँकेटं, मणी, हिंगूळ होतं तसं शिसं होतं, कुऱ्हाडी होत्या, टाळू सोलायच्या सुऱ्याही होत्या. शाळेतली मुलं पुरून वर्षही झालं नव्हतं.

गावकऱ्यांनी आधी व्यापाऱ्यांची मनधरणी केली. व्यापार खुला होईपर्यंत माल इथेच साठवा, म्हणाले. व्यापाऱ्यांनी हसण्यावारी नेलं. तेव्हा स्मिथ दहा जणांना घेऊन साइडलिंग हिलच्या चढावर झाडांमागे बसला. त्यांनी घोडे पाडले. माणसांना सांगितलं की तुमचं स्वतःचं सामान घ्या आणि जा. मग साठाहून जास्त घोड्यांचा माल त्यांनी जाळला. लुटला नाही, जाळला. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पंचनाम्यात पहिला प्रश्न हाच असतो की माल कुठे गेला.

व्यापारी फोर्ट लाउडनला धावले. तिथला लेफ्टनंट चार्ल्स ग्रँट हा हायलँडर पलटणीचा अधिकारी. त्याने शिपाई पाठवून काही माणसं धरली आणि त्यांच्या बंदुका काढून घेतल्या. वॉरंट नाही, दंडाधिकारी नाही. स्मिथच्या सांगण्याप्रमाणे तीनशे बंदूकवाले किल्ल्यासमोरच्या टेकडीवर जमले आणि बाहेर सापडेल त्या शिपायाला पकडू लागले. शेवटी कैद्यांची अदलाबदल झाली, एका गावकऱ्यापाठी दोन शिपाई. बंदुका मात्र ग्रँटने ठेवून घेतल्या. मे महिन्यात स्मिथच्या लोकांनी खुद्द ग्रँटला घोड्यावरून फिरताना उचललं, रात्रभर रानात ठेवलं आणि बंदुका परत करण्याच्या जामीनखतावर सही घेतली. ग्रँटने ती जबरदस्तीची म्हणून पाळली नाही. कायद्याने तो बरोबर होता, हे कबूल करावंच लागेल. मग नोव्हेंबरात, सैन्य किल्ला सोडून जाणार आणि बंदुकाही नेणार असं दिसल्यावर, वेढा पडला. दोन दिवस गोळ्या झाडल्या. अखेर बंदुका मॅकडॉवेल नावाच्या स्थानिक दंडाधिकाऱ्याच्या ताब्यात दिल्या आणि पलटण पश्चिमेला निघून गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर वेढा उठला तो मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर दिल्यामुळे. राजाच्या सैन्याविरुद्धचं युद्ध सुपूर्दनाम्यावर संपलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही.

या माणसांच्या धर्माचा प्रश्न मला इथे सतावतो. त्यांच्या बायबलमध्ये पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आहे. सत्ता देवाने नेमलेली, तिच्या आड येणारा देवाच्या आड येतो, असा त्याचा रोख. मग हे नेमाने चर्चमध्ये जाणारे लोक राजाच्या किल्ल्यावर गोळ्या कसे झाडतात? त्यांचं उत्तर त्यांच्या पंथाचा आचार्य कॅल्विन याच्याकडे होतं. आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात तो खाजगी माणसाला बंडाची परवानगी देत नाही. पण प्रजेच्या रक्षणासाठी नेमलेले छोटे अधिकारी असतील तर त्यांनी जुलमाला आडवं जायलाच हवं, असं म्हणतो. कॉनोकोचीगच्या खोऱ्यात असा छोटा अधिकारी हजर होता. विल्यम स्मिथ, जेम्सचा नातेवाईक, तिथला जस्टिस ऑफ द पीस. तो मालाला आणि माणसांना परवाने देत होता, आणि ब्लॅक बॉईज ते परवाने तपासत होते. सैन्याचा तुमच्यावर अधिकार नाही, मुलकी न्यायासमोर सैन्याने झुकलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. विल्यमचं पद पुढे गेलं. माल जाळल्याच्या चौकशीला गव्हर्नर जॉन पेन कार्लाईल गावी आला होता. ग्रँड ज्युरीने दोषारोप ठेवायला नकार दिला. ज्युरी म्हणजे शेजारीच ते.

आपल्याकडे अनुशासन पर्वात भीष्म याहून कडक बोलतो. रक्षणाचं वचन देऊन रक्षण न करणाऱ्या राजाची प्रजेने मिळून काय गत करावी, हे तो जी उपमा देऊन सांगतो ती मी इथे लिहीत नाही, शोधून वाचा. पण भीष्मालाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. राजाने वचन मोडलं, हे ठरवणार कोण? फिर्यादीच न्यायाधीश होऊन बसला तर? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकला हा प्रश्न पडला होता. पृथ्वीवर दाद मागायला कुणी उरलं नाही की माणूस आकाशाकडे दाद मागतो, असं तो म्हणतो, आणि त्या दाद मागण्याचा अर्थ त्याच्याकडे शस्त्र असा होतो. आकाशाकडे दाद टेकॉग्रेटानेगोनेही मागितली होती. त्याने अग्नीत टाकली ती स्वतःची तंबाखू. ब्लॅक बॉईजनी जाळला तो दुसऱ्याचा माल. फरक मी नोंदवून ठेवतो. त्यावरून त्यांना दोषी ठरवत नाही, कारण म्हाताऱ्याच्या मुलाच्या शाळेत कुणी सुरी घेऊन आलं नव्हतं.

मग कसोटी कुठली? ती मला कार्लाईलमध्ये सापडली. गावाच्या चौकात जुनं दगडी प्रेस्बिटेरियन चर्च अजून उभं आहे. या गावातल्या तुरुंगापुढे दीड-दोन वर्षांच्या अंतराने दोन जमाव आले.

पहिला जमाव 29 जानेवारी 1768 चा. आत फ्रेडरिक स्टंप आणि त्याचा नोकर होते. स्टंपने त्याच महिन्यात आपल्या घरी आलेल्या सहा मूळ रहिवाशांना मारून प्रेतं बर्फाखाली लोटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीवर जाऊन एक बाई, दोन मुली आणि एक लेकरू मारलं होतं. गव्हर्नरला खटला फिलाडेल्फियात चालवायचा होता. सत्तर-ऐंशी हत्यारबंद लोक आले. आमच्या माणसाचा न्याय आमच्याच जिल्ह्यात झाला पाहिजे, अशी त्यांची मागणी. मागणी कायद्याला धरून होती, आणि ती पुढे करून त्यांनी दहा जणांच्या खुन्याला उचलून नेलं. चर्चचे धर्मगुरू जॉन स्टील यांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. हे स्टील काही मवाळ नव्हते. युद्धात त्यांनी स्वतः तुकडीची कप्तानी केली होती. तरी त्यांचं कुणी ऐकलं नाही. स्टंपवर खटला कधीच चालला नाही, तो दक्षिणेकडे गेला आणि म्हातारा होऊन वारला.

दुसरा जमाव 1769 चा. आत जेम्स स्मिथ. बेडफर्डच्या किल्ल्यात ठेवलेल्या काही कैद्यांना आपण पहाटे शिरून सोडवलं, असं तो सांगतो. त्यानंतर रस्त्यात त्याला पकडताना झटापट झाली, त्याच्याच सोबतचा एक माणूस गोळी लागून मेला आणि खुनाचा आळ स्मिथवर आला. जुने ब्लॅक बॉईज शेकड्यांनी कार्लाईलला आले. दार फोडायला त्यांना फार वेळ लागला नसता, दीडेक वर्षापूर्वीचा दाखला ताजा होता. स्मिथने गजांआडून त्यांना घरी जायला सांगितलं. मी गुन्हेगार नाही, मला खटला हवा आहे, असं त्याचं म्हणणं. लोक परत गेले. तो महिनोन्महिने आत राहिला, ज्युरीसमोर उभा राहिला आणि निर्दोष सुटला.

फोर्ट लाउडनचा वेढा मला रास्त वाटतो तो या 1769 च्या नकारामुळे. चार वर्षांपूर्वी काळं फासून आलेला माणूस इथे उघड्या तोंडाने, नाव-गाव सांगून, न्यायासमोर यायला तयार झाला. बंडखोराचा धर्म नंतर कळतो, त्याच्या घोषणांवरून कळत नाही. राजाचा कायदा मोडताना तो स्वतः कायद्याच्या बाहेर राहू पाहतो की आत यायला तयार असतो, हे बघायचं. स्टंपचा जमाव आणि स्मिथचा जमाव यांचे चेहरे बहुधा बरेचसे तेच होते. देव तोच, बायबल तेच, तक्रारही तीच. आतला माणूस तेवढा वेगळा.

तरी स्मिथला मी पूर्ण सोडत नाही. 14 डिसेंबर 1763 ला सरहद्दीवरच्या पॅक्सटनच्या लोकांनी कॉनेस्टोगा गावात सहा निरुपद्रवी मूळ रहिवासी मारले. उरलेल्या चौदांना सरकारने लँकेस्टरच्या कोठडीत सुरक्षिततेसाठी ठेवलं, तर 27 डिसेंबरला तिथे घुसून त्यांनाही मारलं, लेकरांसकट. मारल्या गेलेल्या या लोकांनी कुणावरच हल्ला केला नव्हता. फिर्याद खरी, निवडलेली माणसं खोटी, ती ही. बेंजामिन फ्रँकलिनने मारेकऱ्यांविरुद्ध पुस्तिका लिहिली, पण तो फिलाडेल्फियाचा शहरी माणूस, त्याचं सरहद्दीवर कोण ऐकणार? ज्याचं ऐकलं असतं असा त्या मुलखात एकच माणूस होता. मोहॉक बायकांनी नदीत धुतलेला, टेकॉग्रेटानेगोच्या हातचा रस्सा प्यायलेला. त्याने आपल्या लोकांना घोषणा न करता माग काढायला शिकवलं, झाडाआडून लढायला शिकवलं. त्या म्हाताऱ्याकडून शिकलेलं दुसरं काही त्या वर्षांत त्याने शिकवल्याचं दिसत नाही. ते त्याने 1799 साली लिहिलं, तेव्हा ओहायोतली जमीन बहुतेक गेलेली होती.

म्हातारपणीही त्याची परीक्षा संपली नाही. त्याचा मुलगा शेकर पंथात गेला. ते लोक शस्त्राला शिवत नाहीत. 1810 साली स्मिथने त्यांच्याविरुद्ध पुस्तिका काढली, आणि त्याच वर्षी ओहायोतल्या त्यांच्या युनियन व्हिलेज वस्तीवर शेकडोंचा हत्यारबंद जमाव चालून गेला. स्मिथची नातवंडं परत द्या, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक. या वेळी जमावाला घरी जा म्हणून सांगणारा गजांआडचा माणूस नव्हता. आजोबा म्हणून मला त्याचं दुःख समजतं. शिरस्तेदार म्हणून नाही.

हॉलिवुडने 1939 मध्ये जॉन वेनला घेऊन या उठावावर चित्रपट काढला, आणि आता कोटापाशी लोक फोटो काढतात. तिकडे कधी गेलात तर एवढंच करा, तिथून लँकेस्टरलाही जा. गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर आहे. ब्लॅक बॉईजच्या उठावाची चौकशी झाली, ग्रँड ज्युरी बसली, जबाब नोंदले गेले, दंडाधिकाऱ्याचं पदही गेलं. लँकेस्टरच्या कोठडीतल्या चौदा आणि कॉनेस्टोगातल्या सहा खुनांसाठी एकाही माणसावर कधी खटला चालला नाही.